ओटीपोटातल्या फुगलेल्या शिरांमुळे वर्षभर दुखतंय. मोठं ऑपरेशन टाळता येईल का?

बहुतेक वेळा, हो. अंडाशयाच्या शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, पायांतल्या व्हेरिकोज व्हेन्ससारखंच. उभं राहून किंवा संबंधांनंतर दुखणं वाढतं, आडवं झाल्यावर उतरतं. झोपवून केलेल्या साध्या सोनोग्राफीत हे अनेकदा नजरेतून सुटतं (आणि मग बाईला ‘मनाचे खेळ’ ऐकावं लागतं!), म्हणून डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा एमआर व्हेनोग्राफीबद्दल (शिरांचा एमआरआय) विचारा.

उपचार म्हणजे एम्बोलायझेशन. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत नळीतून उपचार करणारे डॉक्टर) मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी सरकवतात आणि बिघडलेली शीर कॉइल (धातूची बारीक गुंडाळी), फेसाळ औषध वापरून बंद करतात. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, बहुधा त्याच दिवशी घरी. आराम काही आठवड्यांत, कधी महिन्यांत पडतो; प्रत्येकीला पूर्ण पडेलच असं नाही. त्याआधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.