शोग्रेनचा कोरडेपणा उन्हामुळे असतो का?

प्रश्न असा आहे: "आई चोपड्याला असते, वय 51. शोग्रेन सिंड्रोम सांगितलाय. घरचे म्हणतात, आपल्याकडच्या उन्हाने उष्णता झालीय, पावसाळ्यात उतरेल. खरंच उतरेल का? गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील?"

नाही उतरणार. ती उष्णता नाहीच, तोंड आणि डोळे कोरडे पाडणारा आजार आहे. मला हाच आजार आहे. 2019 साली कळलं, आणि त्याआधीची पाच वर्षं "उष्णता झालीय" हेच ऐकण्यात गेली, म्हणून लिहायला बसले.

मी फैजपूरची, जळगाव जिल्ह्यातली. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा कोणाचंही तोंड कोरडं पडतं. माझं पडलं तर कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. सब्जा झाला, गुलकंद झाला, सकाळी उपाशीपोटी मोरावळा झाला. मग 2014 च्या डिसेंबरात शेतात भरिताची पार्टी होती. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी. स्वेटर घालून बसलो होतो एवढी थंडी. पहिला घास घेतला तर तो तोंडात फिरेचना. टाळ्याला चिकटून बसला, शेवटी पदराआड बोटाने काढला. पुढे घासागणिक पाण्याचा घोट. मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमची भाकर उतरत नाही हिच्या घशाखाली." मी काही बोलले नाही. पण उन्हाचं कारण माझ्यापुरतं त्याच दिवशी संपलं.

त्यानंतर दात. दोन वर्षांत सात दात किडले, आणि तेही चावायच्या बाजूने नाही, हिरडीला लागून, मुळाशी. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि मिस्टरांसमोरच विचारलं, "तपकीर किती वर्षं लावता?" मी जन्मात तपकिरीला हात लावलेला नाही. आमच्या सासूबाई, जिजी, लावायच्या. त्यांची पितळी डबी देवळीत असायची. घरी आल्यावर मिस्टरांनी एक अक्षर न बोलता ती डबी खाली काढली, झाकण उघडलं, आतली तपकीर किती उरलीय ते बघितलं आणि परत ठेवून दिली. जाऊबाईंनी तर पक्कंच करून टाकलं, "चोरून लावते."

लाळ म्हणजे नुसता ओलावा नव्हे. ती दात धुते, खाल्ल्यावर तोंडात होणारं आम्ल सौम्य करते, दातांची झीज भरून काढते. शोग्रेनमध्ये आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत घुसून त्या निकामी करतात. लाळ आटली की दात मुळाशीच किडायला लागतात. हेन्रिक शोग्रेन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1933 साली अशा 19 बायकांचं सविस्तर लिहून ठेवलं. कुठल्या देशात? स्वीडनमध्ये! तिथे कुठलं आलं जळगावचं ऊन?

माझं निदान झालं ते बोटांचे सांधे धरायला लागले म्हणून. नाशिकच्या संधिवाततज्ज्ञांनी सांधे बघता बघता विचारलं, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का?" होत होतं, मी त्याला केळीच्या बागेतली धूळ समजत होते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. 5 मिलीमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी धरतात. माझी 2 मिलीमीटर भिजली. रक्तात रो अँटिबॉडी निघाली, म्हणजे आपल्याच शरीराविरुद्ध तयार झालेलं एक प्रथिन. तपासणीसाठी खालच्या ओठाच्या आतून बारीकसा तुकडा काढला, तो दुखला त्यापेक्षा त्याची भीतीच जास्त होती.

आता आईचं. गुलकंद, मोरावळा, लिमलेटच्या गोळ्या आजच बंद करा. लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे दातांचा खून आहे. चिंचेने, लिंबाने पाणी सुटतं खरं, पण आंबट दातांना खातं. बिनसाखरेचं च्युइंगम चालतं. पाणी घोट घोट, तांब्याभर एकदम पिऊन काही होत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून फ्लोराइड लावून घ्या. कूलरचा झोत तोंडावर नको, बाहेर पडताना बाजूने झाकणारा गॉगल हवा. डोळ्यांत दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी कोरडेपणा वाढतो, मेडिकलमधून परस्पर आणू नका. पायलोकार्पिनने मला लाळ सुटते, पण घामही येतो, आणि ग्रंथीत जीव उरला असेल तरच ती गोळी काम करते. दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

गोळ्या किती दिवस, ते तिचे डॉक्टरच ठरवतील. आजार मुळापासून जात नाही, एवढं मी सांगते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (या आजारात बऱ्याचदा देतात ती गोळी) चालू असेल तर डोळ्यांचा पडदा तपासत राहावं लागतं.

घाबरवायचं नाही, पण हे राहायला नको: कानाखाली गालाची सूज आठवड्यानुआठवडे उतरली नाही, ताप राहिला, वजन घटलं, तर थांबू नका. थोड्या रुग्णांना पुढे लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, होतो. आणि घरात गरोदर बाई असेल आणि तिलाही रो अँटिबॉडी असेल, तर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, डॉक्टरांना आधीच सांगा.

आईच्या दातांवरून घरात कोणी काही बोललं, तर तुम्ही मध्ये पडा. तिला एकटीला उत्तर द्यायला लावू नका. नाशिकला डॉक्टरांनी मिस्टरांना समजावून सांगितलं, तेव्हा ते जमिनीकडे बघत ऐकत होते. परत येताना गाडीत चाळीसगाव गेल्यावर म्हणाले, "डबी बघायला नको होती मी." जिजी तोवर गेल्या होत्या. जाऊबाईंनी मात्र अजून शब्द मागे घेतलेला नाही. त्यांची सून हे वाचते, म्हणून इथेही लिहिते: मी तपकीर कधीच लावली नाही.