सर्जरी रेसिडेन्सीच्या मुलाखती : घड्याळ, उत्तरं आणि पसंतीक्रम

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली, इंटर्नशिपही संपली. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची स्टेप वन आणि स्टेप टू सीके पास आहे. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आपल्या एमएससारख्या प्रशिक्षणासाठी, अर्ज केले होते. चार मुलाखतींची बोलावणी आली आहेत : दोन कॅटेगोरिकल (पूर्ण पाच वर्षांच्या), दोन प्रिलिमिनरी (एका वर्षाच्या). सगळ्या झूमवर, घरूनच द्यायच्या. आम्ही तिची तयारी कशी करून घ्यावी? तिकडे ओळख लागते का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. ओळखीचं आधी सांगतो. तिथल्या एखाद्या सर्जनने तिचं काम स्वतः पाहिलं असेल, तर त्यांचा ईमेल उपयोगी पडतो. नातेवाइकांच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी फोन करू नये, फायदा होत नाही आणि कधी कधी नुकसान होतं.

घरच्यांनी सांभाळायची गोष्ट म्हणजे घड्याळ. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. म्हणजे सकाळी आठची मुलाखत ऑक्टोबरात आपल्या साडेपाचला आणि त्या रविवारनंतर साडेसहाला. शिकागोसाठी आणखी एक तास वाढवा, कॅलिफोर्नियासाठी तीन. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाही, तिथला फरक वर्षभर साडेबारा तास. प्रत्येक तारखेपुढे आपली वेळ लिहून तो कागद फ्रिजवर लावा. बोलावण्याचे ईमेलही आपल्या रात्रीच येतात आणि स्लॉट भराभर जातात, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत तिच्या फोनचा आवाज बंद नको.

संध्याकाळी साडेसहा म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीची वेळ : कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, शेजारचा टीव्ही. ही जबाबदारी तुमची. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट चालू ठेवा. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. दिवा समोर हवा, पाठीमागे नको. मुलाखतीचा दिवस चार-पाच तासांचा असतो : प्रोग्रॅम डायरेक्टरची (तिथल्या प्रशिक्षणाच्या प्रमुखांची) ओळखसभा, मग पंधरा-वीस मिनिटांच्या तीन ते पाच मुलाखती, मध्ये थांबणं. तिकडच्या आदल्या संध्याकाळी रेसिडेंटांबरोबर (तिथे शिकणाऱ्या डॉक्टरांबरोबर) अनौपचारिक गप्पा असतात. तिथे मार्क देत नाहीत असं म्हणतात, पण कोण उद्धट वागलं ते दुसऱ्या दिवशी वरपर्यंत पोचलेलं असतं.

आता उत्तरांकडे वळू. ही व्हायवा नव्हे. मार्क बघूनच बोलावलंय. पहाटे तीनला हिच्यावर वॉर्ड सोपवता येईल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. म्हणून एक प्रश्न हमखास येतो : तुमच्या हातून झालेली चूक सांगा. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर त्यांनी हजारदा ऐकलंय. त्यापेक्षा असं काही हवं : ‘आतडं जोडल्यानंतरचा पाचवा दिवस, पेशंटची नाडी ११८. मी वेदनेमुळे समजून इंजेक्शन दिलं आणि सीनिअरना तीन तासांनी कळवलं. जोड गळत होता. त्या दिवसापासून नाडी वाढली की ताप, लघवीचं प्रमाण आणि पोट बघते आणि लगेच फोन करते.’ काय दिसलं, काय ठरवलं, कुठे चुकलं, आता काय करते : दीड मिनिटात संपवायचं. सिस्टरवर किंवा युनिटवर ढकललं की उत्तर पडलं. प्रसंग मात्र तिचाच हवा, पेशंटची ओळख न सांगता. दुसऱ्याच प्रश्नाला उसना प्रसंग उघडा पडतो.

आपल्या मुलांची एक सवय म्हणजे ‘आम्ही केलं’. समोरच्याला हवं असतं ‘मी’. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा धरला, त्वचेचे टाके घेतले की नुसतं पाहिलं, हे नेमकं सांगावं. अर्जाचं प्रिंट काढून प्रत्येक नोंदीवर दोन मिनिटं बोलून बघायला सांगा. संशोधनात नाव असेल तर पेशंट किती होते आणि तिचं काम काय होतं, हे पाठ नव्हे, ठाऊक असावं.

इंग्रजीचा बाऊ करू नका, पण काही शब्द बदला. ओटीला तिकडे ओआर म्हणतात, कॅज्युअल्टीला ईडी, पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन. ‘आय पास्ड आउट इन २०२४’ म्हटलं तर समोरचा समजेल की बाई बेशुद्ध पडल्या होत्या. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं.

तिनेही प्रश्न विचारावेत. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीला पाच वर्षांत किमान ८५० शस्त्रक्रिया लागतात, त्यातल्या २०० शेवटच्या वर्षी. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षी हातात सुरी कितीदा येते, हे रेसिडेंटांना विचारावं. प्रिलिमिनरी जागा एका वर्षाची असते, पुढच्या वर्षाची हमी नसते. तिथे एकच प्रश्न कामाचा : गेल्या तीन वर्षांतले प्रिलिमिनरी रेसिडेंट आज कुठे आहेत? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

व्हिसाचं मुलाखतीत काढू नये, आधीच कोऑर्डिनेटरला ईमेलने विचारावं. जे-वन की एच-वन-बी, हे प्रोग्रॅमनुसार बदलतं. एच-वन-बीसाठी स्टेप थ्री लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालंय.

आणखी कुठे मुलाखती आहेत, आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार, हे विचारायला मॅचच्या नियमांनी प्रोग्रॅमना बंदी आहे. (मॅच म्हणजे मुलाखतींनंतर उमेदवार आणि प्रोग्रॅम दोघांच्या पसंतीच्या याद्या संगणकावर जुळवून जागा देण्याची पद्धत.) तरी कुणी विचारलंच तर वाद न घालता ‘तुमच्याकडचं प्रशिक्षण मला का आवडलं ते सांगते’ म्हणून पुढे जावं.

पसंतीक्रम भरताना मात्र बहुतेक घरं चुकतात. ‘मिळेल ते आधी’ हा हिशेब इथे उलटा पडतो. संगणक आधी मुलीच्या यादीतल्या पहिल्या प्रोग्रॅमकडे जातो; तिथे जागा नसेल तरच दुसऱ्याकडे. दुसऱ्या प्रोग्रॅमला ती आधीच्या कुणापेक्षा जास्त हवी असेल, तर तो आधीचा उमेदवार हटतो आणि जागा तिला मिळते. म्हणजे अवघड नाव वर लिहिल्याने खालच्या जागेवरचा तिचा हक्क कमी होत नाही. दोन्ही कॅटेगोरिकल वर, आपसांत तिच्या खऱ्या आवडीने, प्रिलिमिनरी त्याखाली. जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नका, कारण निकाल बंधनकारक असतो आणि कॅप राउंडसारखं बेटरमेंट इथे नाही.

यादीची मुदत मार्चच्या सुरुवातीला, पूर्वेकडच्या वेळेने रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. नुसती सेव्ह केलेली यादी धरत नाहीत, ‘सर्टिफाय’ करावी लागते. शेवटच्या क्षणी क्रम बदलला तर पुन्हा सर्टिफाय करून स्क्रीनवर तो शब्द दिसतोय ना, हे तिला तुमच्यासमोर बघायला सांगा.