कँडिडेट, कंदील आणि हरिश्चंद्र

प्रश्न एका आईने विचारला आहे. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला. निवडणुकीसंबंधीचे इंग्रजी शब्द पाठ करताना तिचे गाडे तीन शब्दांवर अडले: कँडिडेट, नॉमिनी आणि कंटेस्टंट. मराठीत तिन्हींना उमेदवारच म्हणायचे का, आणि फरक असेल तर कोणता? पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ जोडली आहे: "क्लासच्या सरांनी सांगितलं की कँडिड म्हणजे खरं बोलणारा, म्हणून कँडिडेट म्हणजे जो जनतेशी खरं बोलतो तो. हे बरोबर आहे ना?"

नाही, अजिबात नाही. आणि फरकाच्या प्रश्नाआधी मी याच ओळीचे उत्तर देणार आहे, कारण ही व्युत्पत्ती मी गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी ऐकली आहे की आता राहवत नाही. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत ती सांगतात, भाषणांत ती ठोकून देतात. माझ्या भाचीच्या वहीत तर ती लाल शाईने चौकट करून लिहिलेली होती: 'कँडिड = खरा, कँडिडेट = खरेपणाने उभा राहणारा'. खाली बाईंची बरोबरची खूणही होती. शब्द लक्षात राहावा म्हणून काहीतरी जोडून सांगायचे, एवढाच यात हेतू असतो हे मला समजते. पण खरी गोष्ट दहापट चांगली असताना मुलांना खोटी का द्यायची?

कँडिड आणि कँडिडेट हे शब्द सख्खे भाऊ आहेत, बाप-लेक नव्हेत. दोघांचा बाप लॅटिन 'कँडिडुस', आणि त्याचा अर्थ झगझगीत पांढरा. खरेपणाचा तिथे मागमूसही नाही. लॅटिनमध्ये साध्या, चमक नसलेल्या पांढऱ्याला 'अल्बुस' म्हणत आणि डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्याला 'कँडिडुस'. या पांढऱ्यावरून निर्मळ, निर्मळवरून निष्कपट आणि निष्कपटवरून स्पष्टवक्ता, असा प्रवास इंग्रजी कँडिडने नंतर सावकाश केला. लग्नात फोटोग्राफर ज्याला 'कँडिड फोटो' म्हणतो, म्हणजे माणसांना न सांगता टिपलेला, तो अर्थ तर विसाव्या शतकातला. डॉक्टर ज्याला कँडिडा म्हणतात त्या बुरशीने मात्र मूळचा पांढरा रंग जपला आहे. कँडिडेट या प्रवासात कधी सामीलच झाला नाही. तो थेट रोमच्या बाजारचौकातून आला, तेही अंगावरच्या कपड्यामुळे.

आमच्या शाळेत १५ ऑगस्टला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे असत. आदल्या दिवशी बूट धुवायचे, ओले असतानाच त्यावर खडू घासायचा आणि खिडकीत वाळत ठेवायचे. सकाळी असे लख्ख दिसत की नवे वाटावेत. झेंडावंदन होईपर्यंत ती पांढरी पूड मोज्यांवर उतरलेली असे. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपल्या टोग्याला नेमके हेच करी. टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लोकरीचे वस्त्र, रंगाने नैसर्गिक, म्हणजे पिवळसर पांढरे. त्यावर खडूची पूड चोळून ते झळझळीत करायचे आणि गर्दीत उतरायचे, म्हणजे लांबूनही लोकांच्या नजरेत भरावे. अशा वस्त्राला 'टोगा कँडिडा' म्हणत आणि ते नेसलेल्याला 'कँडिडाटुस'. शब्दशः धवलवस्त्रधारी. बस, एवढीच व्युत्पत्ती.

ही केवळ हौसही नव्हती. इ. स. पूर्व ४३२ मध्ये मते मिळवण्यासाठी वस्त्र असे पांढरे करण्यावर बंदी घालणारा कायदा तिथे झाला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. प्रचाराच्या पोशाखावरचे निर्बंध म्हणजे आचारसंहितेची पणजीच म्हणायची. कायदा टिकला नाही, खडू टिकला. सुमारे पावणेचारशे वर्षांनी, इ. स. पूर्व ६४ मध्ये, प्रसिद्ध वक्ता सिसेरो कॉन्सलपदासाठी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदासाठी, उभा असताना त्याने प्रतिस्पर्ध्यांवर जे भाषण केले, ते 'पांढऱ्या टोग्यातले भाषण' याच नावाने ओळखले जाते. त्याचे आता तुकडेच उरले आहेत, पण निवडणूक तो जिंकला. आणि हा पांढरा टोगा घालून दारोदार फिरणे, याला लॅटिनमध्ये 'अँबिरे' म्हणत: 'अँबि' म्हणजे सभोवती, 'इरे' म्हणजे जाणे. त्यातूनच इंग्रजी अँबिशन निघाला. मतांसाठी पैसे चारण्याच्या गुन्ह्याचे नाव 'अँबिटुस', तेही त्याच धातूचे. सिसेरोने कॉन्सल असताना, इ. स. पूर्व ६३ मध्ये, या गुन्ह्याला दहा वर्षांची हद्दपारी लावणारा कायदा केला.

आपल्याकडची पांढरी खादी आणि रोमचा पांढरा टोगा यांचा ऐतिहासिक संबंध काही नाही, तो कोणी जोडू नये. खादीचा पांढरा हा रंग न देण्याचा पांढरा आहे, टोग्याचा पांढरा मुद्दाम चोळलेला.

आता मूळ धातूकडे येते, कारण मला खरे सांगायचे आहे ते इथे. 'कँडिडुस'चा धातू 'कँडेरे', म्हणजे चकाकणे, पांढरे होईपर्यंत तापून उजळणे. त्याच धातूपासून लॅटिन 'कँडेला', म्हणजे मेणबत्ती. इंग्रजीत तिची कँडल झाली, फ्रेंचमधून फिरून शँडेलिअर झाले, म्हणजे आपले झुंबर. पण कँडेला तेवढ्यावर थांबली नाही. ती ग्रीकांकडे गेली, तिथून पूर्वेला उतरत अरबीत 'किंदील' झाली, फारसीत 'कंदील' झाली आणि त्याच नावाने आपल्या घरात शिरली. म्हणजे दिवाळीत गॅलरीत आपण जो आकाशकंदील टांगतो तो आणि निवडणुकीचा कँडिडेट हे एका कुळातले. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ कोशाचे ते पान उघडे ठेवून बसले होते.

आणि त्या कुळाची आपल्याकडची शाखा कोणती? चंद्र. लॅटिनचा 'कँड्' आणि संस्कृतचा 'चंद्' हे एकाच प्राचीन धातूचे दोन अवतार. चांदणे आणि चांदी आपल्याला इकडून मिळाली आणि कंदील तिकडून. चंद्र घरचा, कंदील पाहुणा, पण रक्ताचाच.

इथे दोन गटांशी माझे भांडण आहे. पहिला गट हे ऐकल्याबरोबर म्हणतो, "बघा, कँडल शब्द आपल्या चंद्रावरून गेला!" नाही गेला. दोन भाऊ एका आजीची गोष्ट सांगतात म्हणून एक भाऊ दुसऱ्याचा मुलगा ठरत नाही. हे म्हणणाऱ्यांचा अभिमान मला कळतो, पण आपली भाषा या कुळातली किती जुनी आणि किती चांगली साक्षीदार आहे, हे सांगायला खोट्या वंशावळीची गरज नाही. पुरावा हवा असेल तर तो एका नावात जसाच्या तसा बसला आहे: हरिश्चंद्र.

दुसरा गट व्याकरणाच्या मार्गदर्शकांचा. कोणतेही पुस्तक उघडा, विसर्गसंधीच्या उदाहरणांत छापलेले असते: हरिः + चंद्र = हरिश्चंद्र. मला हे साफ अमान्य आहे. समासात पहिल्या पदाची विभक्ती गळते, मग विसर्ग कुठून आला? आपण हरिभक्त म्हणतो, हरिर्भक्त म्हणत नाही. हरिदास, हरिकथा, हरिचंदन, कुठेही विसर्ग नाही. विशेषतः हरिचंदन पाहा: पुढे 'च'च आहे, तरीही हरिश्चंदन होत नाही. मग हरिश्चंद्रातच हा 'श्' कसा उगवला?

पाणिनीला हा 'श्' खटकला होता. अष्टाध्यायीत त्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे, 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी': प्रस्कण्व आणि हरिश्चंद्र ही ऋषींची नावे असतील तेव्हा मध्ये 'स्' येतो. त्याच्या थोडे आधी आणखी एक सूत्र: मंत्रांत ऱ्हस्व स्वरापुढे 'चंद्र' आला की असाच 'स्' येतो, जसे सुश्चंद्र. म्हणजे पाणिनीच्या मते तो बाहेरून आलेला आगम. पाणिनीपुढे मान लवूनच मी म्हणते की तो आगम नाही, तो अवशेष आहे. या धातूच्या आरंभी एके काळी 'स्' होता. ऋग्वेदात 'श्चंद्र' हे रूप आढळते, पुरुश्चंद्र, विश्वश्चंद्र असे समास आढळतात, आणि खुद्द हरिश्चंद्र हा शब्द तिथे सोमाचे विशेषण म्हणून येतो: सोनेरी झळाळीचा. पुढे सुट्या शब्दातून तो 'श्' झडला, चंद्र उरला. समासाच्या सांध्यात मात्र तो अडकून राहिला, जसे जुन्या वाड्याच्या भिंतीत एखादे कोरीव लाकूड राहते. दर शनिवार-रविवारी शेकडो मुले हरिश्चंद्रगड चढतात आणि त्या नावातला 'श्' उच्चारतात. तो ध्वनी गडापेक्षा कितीतरी जुना आहे.

सरांना कँडिडेटमध्ये सत्य शोधायचेच होते ना? मग शब्दाच्या मुळाशी उतरायचे होते. वाटेत सत्यवचनी राजाच भेटला असता.

आता आपला उमेदवार. याबद्दलही एक पक्की समजूत मोडायची आहे. अधूनमधून कोणीतरी लिहिते की हा शब्द फारसी, परका, त्याऐवजी हिंदीसारखा 'प्रत्याशी' घ्यावा. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा बाळगणारा. आणि प्रत्याशी म्हणजे? प्रत्याशा असलेला, म्हणजे आशा बाळगणाराच! अर्थ तोच, फक्त लेबल बदलायचे. मराठीने मात्र उमेदवाराला जे दिले ते प्रत्याशीकडे नाही. 'उमेदवारी करणे' म्हणजे आजही एखाद्या उस्तादाच्या हाताखाली, पगाराची फारशी अपेक्षा न ठेवता, काम शिकत राहणे. "दोन वर्षं वकिलांकडे उमेदवारी केली", "छापखान्यात उमेदवारी केली" असे आपले आजोबा सहज म्हणत. जुन्या दफ्तरी व्यवहारात नोकरीच्या आशेने कचेरीत हजर राहणारा तो उमेदवार. माझे मत असे की निवडणुकीतला अर्थ यावरूनच पुढे आला. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर गावोगावच्या नगरपालिकांत निवडून जाण्याचे दिवस आले, तेव्हा कँडिडेटला मराठी शब्द हवा होता, आणि जागेची आशा धरून हजर असलेला माणूस भाषेत आधीच उभा होता. रोमने त्याच्या कपड्याकडे पाहिले, मराठीने त्याच्या मनाकडे. मला मराठीचे पाहणे अधिक आवडते, आणि हा शब्द काढून टाका म्हणणाऱ्यांना मी कधीही होकार देणार नाही.

बातम्यांच्या मराठीने तर यात आणखी एक पायरी घडवली आहे. तिकीट मिळण्याआधी तो 'इच्छुक', मिळाल्यावर 'उमेदवार', न मिळूनही अर्ज भरला तर 'बंडखोर'. इच्छुक म्हणजे इंग्रजीतला अ‍ॅस्पिरंट. हे कोणा समितीने ठरवलेले नाही, रोज बातम्या लिहिणाऱ्यांनी घडवले, आणि ते इतके नेमके आहे की मुलीला आधी हेच शिकवा.

मूळ प्रश्न राहिलाच. कंटेस्टंट हा शब्द इंग्रजीत मुख्यतः स्पर्धेतल्या स्पर्धकासाठी चालतो, प्रश्नमंजूषेतला किंवा गाण्याच्या कार्यक्रमातला. निवडणुकीत क्रियापद म्हणून कंटेस्ट अगदी योग्य, पण माणसाला कंटेस्टंट म्हटले की कानाला खटकते. तिथे कँडिडेटच म्हणावे. (या शब्दात 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार दडला आहे, कारण रोममध्ये साक्षीदार बोलावून दावा सुरू होई. टेस्टिस म्हणजे मुळात 'तिसरा उभा असलेला', आपलेच त्रि आणि स्था. आपला साक्षी मात्र 'अक्ष' म्हणजे डोळा यावरून. लॅटिनने साक्षीदार कुठे उभा आहे ते पाहिले, संस्कृतने त्याचे डोळे पाहिले. यावर पुन्हा कधीतरी.)

नॉमिनी म्हणजे ज्याचे नाव दुसऱ्या कोणीतरी पुढे केले आहे तो. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी एका पक्षात सुरुवातीला कँडिडेट अनेक असतात, पक्षाने एकाची निवड केली की तो नॉमिनी. आपल्याकडे हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण राज्यसभेत राष्ट्रपती ज्या १२ सदस्यांची नावे देतात ते नॉमिनेटेड, आणि ते तर निवडणूक लढवतच नाहीत. विधान परिषदेतले राज्यपालनियुक्त १२ आमदारही तसेच. बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनी आणखी वेगळा.

भारतीय कायद्यात मात्र हे तिन्ही शब्द एकाच माणसाला क्रमाने चिकटतात. मान्यताप्राप्त पक्षाचा असेल तर एक सूचक, नसेल तर दहा सूचक त्याचे नाव सुचवतात, ते नॉमिनेशन. मग छाननी होते. अर्ज टिकले त्यांची यादी लागते, नमुना ४, तिच्यात 'वैधरीत्या नामनिर्देशित उमेदवार'. मग माघारीची मुदत संपते आणि दुसरी यादी लागते, नमुना ७अ: 'निवडणूक लढवणारे उमेदवार', नावापुढे चिन्हासह. पुढच्या लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत मुलीला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरच्या फलकापाशी घेऊन जा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचायला सांगा. पहिल्या यादीतली कोणती नावे दुसरीत नाहीत ते तिलाच शोधू द्या.