रहस्य आणि अद्भुत प्रकारातल्या दुर्लक्षित मराठी कादंबऱ्या पणजीत कुठून सुरू कराव्यात?

सुरुवात नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून करा. अद्भुतरम्य कादंबरीची खरी गोडी तिथे आहे, पण भाषा जुनी. बहुतेक वाचक पहिल्या पन्नास पानांतच पुस्तक मिटतात. तेवढी पानं नेटाने एका बैठकीत संपवा, कान सरावतो. १८६१ ची, त्याहून जुनी ‘मुक्तामाला’ ही कादंबरी त्यानंतरच.

रहस्यासाठी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाच्या कादंबऱ्या. सलग चार-पाच वाचू नका, साचा ओळखू येतो. भय हवं तर नारायण धारपांच्या समर्थ-कथा, म्हणजे समर्थ हा नायक असलेल्या भयकथा.

पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी चौकशी करा. जुनी प्रत कुठूनही घ्या, शेवटच्या पानांचे फक्त आकडे तपासा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बांधणी सुटते आणि नेमका उलगडाच गळालेला असतो!