हात थरथरतो हे शाळेत सांगू की नको?

जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, वय 43. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंप आणणाऱ्या आणि हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान होऊन आठ महिने झालेले. बायकोबरोबर आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "शाळेत कळलं तर नोकरी जाईल का?" (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आठ महिने उजवा हात खिशात कोंबून शिकवणं चाललं होतं. हजेरी मुलांकडून भरून घ्यायची, फळा टाळायचा. ताण आला की कंप वाढतो, म्हणजे लपवायला जावं तेवढा हात जास्त हलतो. त्याआधी वर्षभर खांदा आखडला म्हणून नुसता शेक आणि मालिश. या वयात पार्किन्सन्स कुणाच्या डोक्यात येत नाही.

नोकरीचं उत्तर सोपं होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स नावानिशी आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, असं कलम 20(4) सांगतं. काम झेपेना, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. जिल्हा परिषद यात येते. खासगी कंपनीत मात्र या कलमाचा आधार नाही. तिथे सांगण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचावं.

खरी गोची त्यांच्या बायकोच्या बोलण्यातून निघाली. "डबा खाल्ला की ह्यांचा हात जडच होतो." डब्यात मटकीची उसळ, वरण, दही. गोळी डब्याबरोबरच, कारण रिकाम्या पोटी औषध घेऊ नये म्हणतात! लेव्होडोपा (त्यांच्या गोळीतलं पार्किन्सन्सचं औषध) आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने रक्तात शिरतात. उसळीची गर्दी झाली की गोळी मागे राहते. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी 45 मिनिटं, पेलाभर पाण्याबरोबर सुरू केली. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट, पण दुधाचा चहा नाही. उसळ, वरण रात्रीच्या ताटात गेले. वहीत चार रकाने आखले: गोळी कधी, काय खाल्लं, हात मोकळा कधी झाला, पुन्हा जड कधी. डॉक्टरांना डोस ठरवायला तपासणीपेक्षाही कधी कधी ही वहीच जास्त कामाला येते. आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही. एकदम बंद तर मुळीच करायची नाही, ते धोक्याचं आहे.

फळ्यावरची ओळ मोठ्या अक्षरात सुरू व्हायची आणि शेवटाला अक्षरं मुंग्यांएवढी. त्यावर उपाय म्हणजे आधी दोन रेघा आखून घ्यायच्या, प्रत्येक शब्दानंतर खडू उचलायचा.

मुख्याध्यापकांना त्यांनी आधी एकट्याने सांगितलं, वर्गाला महिन्याभराने. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे "सर हल्ली चिडलेले असतात" अशी कुजबुज होतीच. ते मुलांना म्हणाले, "माझा चेहरा हसत नसला तरी मी हसतोय असं धरा." मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग सर, रागावलात ते कसं ओळखायचं?"