पालक शाळेत येत नसतील, तर त्यांच्या घरची गंगाजळी पाहा

पत्र: ताई, मी सोलापूरची. सध्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत शालेय समुपदेशनात एम.ए. करतेय. शहराच्या पश्चिम भागातल्या एका हायस्कूलमध्ये इंटर्नशिप चालू आहे. बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची आहेत. अकरावीतला एक मुलगा गणितात फार चांगला आहे, पण शनिवार-रविवार वडिलांबरोबर घरांची छपरं घालायला जातो. कॉलेजचं नाव काढलं की म्हणतो, ‘घर सोडून जाणार नाही.’ आईवडिलांना तीनदा बोलावलं. एकदाच आई आली, तेव्हा भाषांतरही त्या मुलानेच केलं. सहकारी म्हणतात, या घरांना शिक्षणाची किंमत नाही. मी काय करू? आणि मी ना इथली, ना त्यांच्यातली. हे क्षेत्र माझं आहे का? (आमच्या घरी तेलुगू. आई विड्या वळायची, पालकसभेला कधीच आली नाही.)

उत्तर:

सगळ्यात महत्त्वाची ओळ तू कंसात टाकलीस. तुझी आई सभेला आली नाही, म्हणून तिला तुझ्या शिक्षणाची किंमत नव्हती का? सभेच्या वेळेत तिच्या किती विड्या बुडाल्या असत्या, हे तुला माहीत आहे. मग या बाईच्या बाबतीत सहकाऱ्यांचं म्हणणं इतक्या लवकर का पटलं?

तू ज्या भागात काम करतेस, तिथला इतिहासच वेगळं सांगतो. मे 1968 मध्ये तिथल्या एजवूड हायस्कूलची मुलं पडक्या इमारती आणि अपुऱ्या शिक्षकांविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडली. त्यानंतर पालकांनी शाळांच्या निधीतल्या विषमतेवर दावा लावला. त्यात पुढे होता डेमेट्रिओ रॉड्रिगेझ, केली हवाई तळावर पत्र्याचं काम करणारा कामगार. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. मग एजवूडच्या लोकांनी राज्याच्या न्यायालयात लढा दिला आणि 1989 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षणासाठी एकवीस वर्षं भांडलेली ही वस्ती आहे. हे सहकाऱ्यांना जरूर सांग, पण भांडणाच्या सुरात नको, तुला अजून तिथे काम करायचं आहे.

ती आई शाळेत का येत नाही, यालाही कारणं असतात. टेक्सासमध्ये 1918 च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं होतं, ते 1969 पर्यंत चाललं. मैदानात स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्लेले आजी-आजोबा त्या शहरात आजही आहेत. काहींनी पुढे मुलांना स्पॅनिश शिकवलीच नाही. म्हणून आडनाव पाहून भाषा गृहीत धरू नकोस.

आणखी एक. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ म्हणजे नुसतं शिक्षण नव्हे, आपण ज्याला वळण म्हणतो तेही त्यात येतं. चांगल्या वळणाचं मूल ते ‘बिएन एदुकादो’. पदवी घेतलेला मुलगा आजीला उलटून बोलला, तर तो तसा नाही. ती आई आली तेव्हा तिने पहिल्यांदा ‘तो नीट वागतो ना?’ असं विचारलं असेल, तर तो शिक्षणाबद्दलचाच प्रश्न होता. आपण बहुधा ‘हो हो’ म्हणून गुणपत्रिका पुढे करतो आणि गप्पा तिथेच संपतात.

आता काय करायचं ते. तिला चौथ्यांदा बोलावू नकोस. शाळेची परवानगी काढून, आधी विचारून, तू त्यांच्या घरी जा. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुइस मोल, नोर्मा गोन्झालेस हे शिक्षणाचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना असंच मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांकडे पाठवलं. शिकवायला नव्हे, शिकून यायला. 1992 च्या त्यांच्या लेखात एक मुलगा आहे. तो मेक्सिकोहून आणलेल्या गोळ्या-मिठाई विकायचा. शिक्षिकेने त्यावरच वर्गात प्रकल्प रचला आणि एक आई येऊन मिठाई करून दाखवून गेली. घराघरांत साठलेल्या अशा कसबाला त्यांनी ‘फंड्स ऑफ नॉलेज’ हे नाव दिलं, त्याला मी मराठीत ‘ज्ञानाची गंगाजळी’ म्हणते.

तुझ्या मुलाची गंगाजळी बघ. छपराचा उतार म्हणजे गुणोत्तर. अमेरिकेत छपराचं माप ‘स्क्वेअर’मध्ये सांगतात, एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. किती माल लागेल, किती वाया जाईल, मजुरी किती, हे काढून तो घरमालकाला इंग्रजीत आणि वडिलांना स्पॅनिशमध्ये सांगत असेल. ही अंदाजपत्रकं करणाऱ्याची नोकरी झाली, फक्त त्याला पगार नाही. बांधकाम व्यवस्थापन किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग त्याच्यापुढे ठेवशील, तेव्हा ते वडिलांच्या धंद्यातलंच पुढचं पाऊल म्हणून ठेव, धंद्यातून सुटका म्हणून नको. मात्र कष्टाचं कौतुक करताना हे विसरू नकोस की अठरा वर्षांखालच्या मुलाला छपराच्या कामावर, अगदी खाली जमिनीवर मदतनीस म्हणूनही, ठेवायला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याने घरी बसून हिशेब आणि अंदाजपत्रकं सांभाळावीत. हे वडिलांशी कसं बोलायचं, ते आधी पर्यवेक्षकांना विचार. धमकीसारखं वाटलं तर ते घर तुला कायमचं बंद होईल.

भाषांतर पुन्हा त्याच्याकडून करून घेऊ नकोस. पालकांना कळेल अशा भाषेत माहिती देणं ही शाळेची जबाबदारी आहे, तिचं मूळ 1964 च्या नागरी हक्क कायद्यात आहे. शिवाय शाळेने आपल्याविषयी केलेली तक्रार आईला स्वतःच सांगायची वेळ कुठल्याही मुलावर येऊ नये. तुझ्यावर आली असेल, तर काय होतं ते तुला ठाऊकच आहे. भाषांतराची कला त्याच्या अर्जात लिहायची, मीटिंगमध्ये वापरायची नाही.

‘घर सोडणार नाही’ हा मला अडथळा वाटतच नाही, ती एक अट आहे. ती धरून योजना आखता येते. शहरात आलामो कॉलेजेस ही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची सरकारी कॉलेजं आहेत, त्यांच्या ‘आलामो प्रॉमिस’ योजनेत पात्र स्थानिक विद्यार्थ्यांची फी भागते. दोन वर्षं तिथे, मग शहरातल्याच विद्यापीठात. 1997 च्या राज्य कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना बहुतेक सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, त्याचा क्रमांक पाहून ठेव. शनिवारची मजुरी बुडाली तर घरात किती कमी पडेल, हा हिशेब वडिलांसमोर बसून कर. तो न करता दिलेला सल्ला हवेत जातो.

अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांबद्दल मात्र काही विचारू नकोस. शाळेत शिकायचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 1982 च्या प्लायलर खटल्याने सगळ्याच मुलांना दिला आहे. पण कागदपत्रं नसलेल्यांना कॉलेजात स्थानिक शुल्क देणारी टेक्सासची 2001 ची सोय जून 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली. अशा ठिकाणी अंदाजाने बोलू नकोस, वकिलांच्या मोफत केंद्राकडे पाठव.

क्षेत्र तुझं आहे का? आहे, पण ‘मीही तुमच्यासारखीच’ म्हणून जाऊ नकोस, तशी तू नाहीस. कामचलाऊ स्पॅनिश शीक. आणि आईच्या विड्यांची गोष्ट त्या बाईला सांग, दुभाषी बरोबर घेऊन.

शनिवार-रविवार टाळ, आठवड्यात संध्याकाळी सातनंतर जा. जेवायला बसवतील, पोट भरलंय म्हणू नकोस. उतार कसा मोजतात ते वडिलांकडूनच समजून घे आणि मला कळव, मलाही माहीत नाही.