नहेम्याचा आठवा अध्याय वाचण्याआधी

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुणांच्या रविवारी उपदेश करायची तुझी फार इच्छा होती आणि पाळकसाहेबांनी तुझ्याकडे शास्त्रपाठ दिला. ‘नुसता पाठ वाचायचाय’ असं तू लिहिलंस, आणि शेवटी विचारलंस की पवित्र शास्त्रातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायातली ती अवघड नावं गाळली तर चालतील का. तुझी नाराजी आणि तुझा प्रश्न, दोन्हींचं उत्तर त्याच अध्यायात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावं गाळू नकोस. चौथ्या वचनात नियमशास्त्र वाचून दाखवणाऱ्या एज्रा शास्त्र्याच्या उजव्या-डाव्या बाजूला उभ्या असलेल्या 13 जणांची नावं आहेत, सातव्यात आणखी 13 जणांची. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचत होता. पहिले 13 तेवढा वेळ त्याच्या शेजारी उभे राहिले. दुसरे 13 लोकांना वाचलेलं समजावून सांगत होते. त्यातल्या बहुतेकांबद्दल आपल्याला याहून जास्त काही ठाऊक नाही, पण मंडळीसमोर वचन वाचलं जात असताना ते कामाला होते, एवढ्यासाठी त्यांची नावं शास्त्रात आली. आणि एक गोष्ट नीट बघ, त्या सबंध अध्यायात मोठं भाषण एकही नाही. वाचन आहे, समजावणं आहे, लोकांचं रडणं आहे आणि जेवण आहे.

तुमच्या वयाची मुलं पौलाने तीमथ्याला लिहिलेलं ते वचन फार आवडीने सांगतात, कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये, ते. चांगलंच आहे. पण त्याच्या पुढच्या वचनात पौल त्या तरुणाला तीन कामं सांगतो, आणि बोध व शिक्षण यांच्याही आधी नाव येतं वाचनाचं. हे एकट्याने मनात वाचणं नव्हे, मंडळीपुढे मोठ्याने वाचणं. ग्रंथ हाताने लिहिलेले, महागडे. बहुतेकांना शास्त्र भेटायचं ते कानांनीच. नासरेथच्या सभास्थानात प्रभू उभा राहिला तो वाचायला. यशयाचा ग्रंथ त्याच्या हाती दिला, त्याने तो उलगडून वाचला, परत दिला आणि मग बसून बोलला. ज्या कामासाठी आपला प्रभू उभा राहिला, त्याला ‘नुसतं’ म्हणू नकोस.

आता तयारीचं. आधी नहेम्याचं पुस्तक पूर्ण वाच. 13 अध्यायांचं आहे, एका संध्याकाळी होतं. सहाव्या अध्यायात यरुशलेमेचा कोट 52 दिवसांत पुरा होतो, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तू पाचव्यावर थांब. तिथे गरिबांचा आक्रोश आहे. दुष्काळात धान्य मिळावं म्हणून शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलीत, पोटची मुलं-मुली गुलामीत जाताहेत, आणि सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या, तिथला अधिपती, त्यांना सगळ्यांसमोर धरतो आणि गहाण परत करायला लावतो. तुझ्या आजोबांनी 1972चा दुष्काळ पाहिलाय, त्यांना हा अध्याय वाचून दाखव. मग आठव्याकडे ये. वेशीसमोरच्या चौकात पुरुष, बाया, समजण्याएवढी मोठी झालेली मुलं जमली आहेत, त्यांत ते गहाण ठेवणारेही असणार आणि ठेवून घेणारेही. तेव्हाच तुला दहाव्या वचनाचा भार कळेल. लोक रडू लागतात, तर त्यांना सांगितलं जातं की जा, चांगलं खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. हे वचन उरकून वाचलंस तर मागच्या बाकावरच्या माणसाला ते ऐकूही येणार नाही. तिथे आवाज सावकाश कर.

पाठ हाताने वहीत उतरवून काढ. कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीने उभी रेघ मार. वचनांचे आकडे खूप नंतर, सोळाव्या शतकात पडले. आकडा आला म्हणून श्वास तोडू नकोस, वाक्य संपलं की तोड. अध्याय सुरू झाला म्हणून पाठही तिथूनच सुरू होतो असं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पुष्कळजण यशया 53 पहिल्या वचनापासून वाचतात, पण दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत सुरू होतं 52व्या अध्यायाच्या 13व्या वचनात. आधी त्याचा उत्कर्ष सांगितलाय, मग त्याचं विद्रूप झालेलं रूप. ती तीन वचनं सुटली तर गीताचं तोंडच कापलं जातं.

नावं तोडून तोडून म्हण, हश्-बद्-दा-ना, आणि मग जोडून. आरशासमोर नको, कोणाला तरी समोर बसव. आणि फोनवरून वाचू नकोस, छापील पवित्र शास्त्र हातात घे. पहिल्या बाकावरच्या लहान पोरांना दिसू दे की ताई कोणत्या पुस्तकातून वाचतेय.

रोजच्या वाचनाबद्दल तू लिहिलंयस की सकाळी एक वचन मोबाईलवर येतं, ते वाचून कॉलेजला निघतेस. येऊ दे, पण तेवढ्यावर भागवू नकोस. तुझ्या स्टेटसवर परवा यिर्मया 29:11 होतं, देवाच्या मनातले हिताचे संकल्प. त्याच्या आधीचं वचन वाच. त्यात 70 वर्षं आहेत. ते वचन एका पत्रातलं आहे, बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या, आणि त्यात त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यातले बरेचजण परतीचा दिवस बघायला उरलेच नसतील. एवढं कळल्यावरही ते वचन तुला धीर देईल, उलट जास्तच देईल, कारण मग परीक्षेच्या निकालापुरतं ते उरणार नाही. म्हणून पुस्तक सलग वाचायची सवय लाव. मार्काचं शुभवर्तमान मोठ्याने वाचायला दीड-दोन तास पुरतात. एखाद्या रविवारी दुपारी दोघी-तिघी मैत्रिणी बसा आणि आळीपाळीने वाचून काढा.

पंडिता रमाबाईंचं नाव तू शाळेत ऐकलंयस, पण त्यांचं शेवटचं मोठं काम फार थोड्यांना माहीत असतं. संस्कृतातल्या एवढ्या विदुषी, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही ऐकून समजावं म्हणून. मुक्तीतल्याच बाया-मुलींनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात ते छापलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, ग्रंथ बाहेर आला 1924 साली. आपल्या नगर जिल्ह्यातही, 1831 साली मिशनचं काम इथे सुरू झाल्यानंतरच्या काळात, बायबलबाया घरोघरी जाऊन ओट्यावर, चुलीपाशी बसून बायकांना वाचून दाखवायच्या. व्यासपीठ त्यांच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. वचन घराघरात पोचवलं ते त्यांनी.

म्हणून तुला आणखी एक काम सांगते. रविवारची उपासना आटोपली की चर्चमागच्या गल्लीतल्या आजीकडे जा. मोतीबिंदूनंतर त्यांची नजर गेली आणि गुडघ्यांमुळे चर्चला येणं बंद झालं. तोच पाठ त्यांना वाचून दाखव. डाव्या कानाने त्यांना बरं ऐकू येतं, त्या बाजूला बस. त्या मधेच थांबवतील, ‘परत म्हण’ म्हणतील, म्हणायचं. नावांना हसतील, हसू दे. नंतर 121वं स्तोत्र मागतील, आणि तू तोंड उघडायच्या आत पुढची ओळ त्यांच्या ओठांवर आलेली असेल. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर त्यांना ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक न उघडता येतात. एखादं त्यांच्याकडून शिकून घे, तरुण संघात चाल कोणालाच धड येत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. घरी जे शिजलं असेल त्यातलं डब्यात ने, दहाव्या वचनात सांगितलंय तसं.

उपदेशाचीही वेळ येईल. पाळकसाहेबांशी मी बोलले नाही आणि बोलणारही नाही, ते तुझं तू विचारायचंस, पण हा पाठ झाल्यावर. आणि विचारशील तेव्हा ‘मला काय सांगायचंय’ इथून सुरुवात करू नकोस. ‘हा अध्याय मी महिनाभर वाचतेय, त्यावर बोलू का’ असं विचार. ते नाही म्हणायचे नाहीत.

शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते. फोन कर आणि पाठ पूर्ण वाचून दाखव, 26 नावांसकट.

तुझी,
शब्बाथशाळेतली बाई